समूहनृत्य आणि ‘बेभान’ हे विशेषण

गडचिरोलीच्या वनप्रदेशातील (हा भाग १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे) माडिया-गोंडांच्या रेला नृत्याचे वर्णन करताना ‘बेभान’ हे विशेषण सर्रास योजिले जाते. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या कार्यक्रमांत श्रोते परस्परांवर आदळत नाचतात, त्या ‘मॉशिंग’लाही तेच लाविले जाते. दोन्ही ठिकाणी ते अपुरे आहे.

रेल्यात नर्तक परस्परांना धरून नाचतात. एकाचे पाऊल चुकले की हिसका शेजाऱ्यास बसतो. नृत्याला नाव देणारे ‘रेला’ हे पालुपद अर्थ सांगण्यापेक्षा पावले व श्वास एकत्र बांधण्याचेच कार्य अधिक करते. मॉशिंगमध्ये अशी साखळी नसते. तेथील व्यक्तींच्या वेगांचे वितरण वायूच्या कणांसारखे असते, असे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले. परंतु कण कणास सावरीत नाही. मॉशिंगमध्ये मात्र पडलेल्यास तत्काळ उचलावे, असा संकेत आहे. धक्क्याचे भय आनंदात परिणत होते ते या विश्वासामुळे. दुर्खीम यांनी १९१२ मध्ये मांडलेली सामूहिक उत्कटतेची कल्पना या आनंदाची तीव्रता उलगडते, त्यातील जबाबदारी नव्हे.

अर्थात, रेला परिचितांस बांधतो, मॉशिंग बव्हंशी अपरिचितांस. तरीही दोहोंचा आनंद सहभागातच आहे. म्हणूनच महोत्सवाच्या रंगमंचावर रेला सादर होतो तेव्हा पावले तीच राहतात, पण पाहणाऱ्यास कड्यात शिरण्याची वाट उरत नाही. ‘बेभान’ हे विशेषण अशा बाहेर राहिलेल्या प्रेक्षकाचे आहे; नाचणाऱ्यास शेजाऱ्याचे भान सुटून चालत नाही.