वॉलपेपरवरची वारली आणि अर्धा कोयता

बीडच्या एका नव्या कॅफेत मागची भिंत गेरूरंगाची आहे. वारली माणसं, पण तारपा वाजवणाऱ्याच्या कानात हेडफोन, एक जण स्कूटरवर, एकीच्या हातात सेल्फी स्टिक. रोलवर मिळणारा हा वॉलपेपर. फोटोत भारी येतो, हे मान्य. माझी तक्रार एवढीच, की विनोद दोन फुटांत संपतो आणि पुढे तोच पुन्हा सुरू होतो.

वारलीत नवं आणायला मनाई नव्हतीच. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर नेली. वारली चित्रकारांनी स्वतःच आगगाड्या आणि सायकली काढल्या. मूळ चित्र मात्र लग्नाचं. डहाणूकडे सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघट देवी. वॉलपेपरचा पॅटर्न कुठूनही कापता येतो, त्याला मध्यच नसतो. देवी गेली, स्कूटर राहिली.

खोडी काढायची तर कशी? फ्रान्समध्ये अठराव्या शतकात 'त्वाल द झुई' नावाचं छापील कापड निघालं. एकाच रंगात गुराखी, झाडं, सुखी खेडं. पुढे ते वॉलपेपरवरही आलं. २००४ मध्ये ग्लासगोच्या 'टिमोरस बीस्टीज' या स्टुडिओने हाच घाट घेतला आणि त्यात आपलं शहर भरलं: टॉवर, बाकावरचा दारुडा, नशेची सुई टोचून घेणारा तरुण. लांबून शोभिवंत, जवळ गेलं की दचकायला होतं. त्यांनी दुसऱ्याची माणसं उसनी आणली नाहीत.

आपल्या कॅफेतली वारली मात्र उसनीच. बीडचं काही काढायचं तर कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ आहे, खंडोबाच्या दीपमाळा आहेत, उन्हाळ्यातला टँकर आहे. आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रॉलीत संसार लादून निघालेली ऊसतोड टोळी आहे. त्यांची कोपी त्रिकोणीच असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. पॅटर्नचं युनिट मुकादमाने आधीच ठरवून ठेवलंय.

इथे मात्र माझा हात अडतो. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. त्यातली बाई दोन त्रिकोणांत बसवून कोल्ड कॉफीमागे चिकटवायची? ग्लासगोचा तो तरुणही कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला लागलाच की. चावा घेणारं डिझाइनसुद्धा महाग विकलं जातं.

तरी टोळीबरोबर वाढलेल्या एखाद्या मुलीने हे काढलं, तर मला बघायचंय. उचल कशी दाखवेल, कोयता केवढा काढेल, आईला कुठे बसवेल. स्कूटर हवी असेल तर तीही येऊ दे, टोळीतल्या पोरांकडे असतेच.