‘बेकेट’ : मैत्रीचं नाटक आणि हरवलेला खटला

मंडळी, नाटक चांगलं आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण प्रेमापोटी आहे हे लक्षात राहील. झाँ आनुईचं ‘बेकेट’ १९५९ सालचं. मराठीत ते शिरवाडकरांनी आणलं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ‘नमक हराम’ पाहताना त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आपल्या जिवलग मित्राला, थॉमस बेकेटला, ११६२ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप करतो, आणि मित्र उलटतो. २९ डिसेंबर ११७० ला चार सरदार त्याला कॅथीड्रलमध्येच कापून काढतात.

आनुईने बेकेटला सॅक्सन केलं, म्हणजे जित जमातीतला. प्रत्यक्षात तो नॉर्मन घराण्यातला. जुन्या बाजारात, हिरव्या बांधणीच्या मोहाने घेतलेल्या इतिहासाच्या पुस्तकावर विश्वासून आनुईने लिहिलं, नंतर चूक कळली, तरी त्याने ती तशीच ठेवली. ते त्यानेच सांगून टाकलंय, म्हणून मी त्याला माफ करतो! नाटककाराला एवढी मोकळीक हवीच.

मला खटकतं ते वेगळंच. दोघं भांडले कशावरून? बेडफर्डचा फिलिप द ब्रॉय नावाचा एक पाद्री होता. एका सरदाराच्या खुनाचा आरोप त्याच्यावर, आणि चर्चच्या न्यायालयात तो सुटला. ११६३ मध्ये राजाच्या न्यायाधीशाने ते प्रकरण पुन्हा उकरलं, तर याने त्यालाच शिव्या घातल्या. चर्चचं न्यायालय देहदंड देत नसे. फार तर पाद्रीपद काढून घेई. आणि ‘पाद्री’ म्हणजे फक्त गावचा धर्मगुरू नव्हे हं. खालच्या पायरीवरचे असंख्य लोक त्यात मोडत. हेन्री म्हणाला, गुन्हा शाबित झाला, पद काढलं, की माणूस माझ्या ताब्यात द्या. ११६४ च्या क्लॅरेंडनच्या कलमांत ते लिहून घेतलं. बेकेटचं उत्तर : एका अपराधाला दोन शिक्षा का?

बघा, दोन्ही बाजूंना दम आहे. मेलेल्याच्या घरच्यांना विचारा, ते हेन्रीकडून बोलतील. पण सगळेच न्यायाधीश राजाचे झाले तर राजाविरुद्ध दाद कुठे मागायची, हाही प्रश्न खराच. नाटकात हा वाद ओझरता येतो. उरतो तो दुखावलेला मित्र, आणि ‘देवाची अब्रू’ सांभाळणारा दुसरा. हेन्री रडतो, चिडतो; त्याला कायदा कळत होता असं मात्र कुठे वाटत नाही. प्रत्यक्षात कायद्याची इतकी बारीक समज असलेले राजे त्या काळात थोडेच.

एलियटच्या १९३५ च्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’मध्ये राज्याची बाजू निदान मांडली जाते. पण कुणाच्या तोंडून? खून करून आलेल्या सरदारांच्या! गद्यात, थेट प्रेक्षकांकडे वळून. ऐकणाऱ्याने आधीच निकाल दिलेला असतो.

आणि बंड? आनुईचं नाटक सुरू होतं आणि संपतं ते बेकेटच्या कबरीपाशी, हेन्रीच्या प्रायश्चित्तावर. हे प्रायश्चित्त १२ जुलै ११७४ चं. तेव्हा त्याच्याविरुद्ध त्याची राणी एलेनॉर, मुलगे, फ्रान्सचा राजा, स्कॉटलंडचा राजा असे सगळे एक झाले होते. बंडाचा म्होरक्या थोरला मुलगा. हा मुलगा लहानपणी बेकेटच्याच घरी वाढलेला. ११७० मध्ये बेकेटला डावलून यॉर्कच्या आर्चबिशपकडून त्याचा राज्याभिषेक करवला, त्यात सामील बिशपांना बेकेटने शिक्षा केली, आणि त्यावरूनच तलवारी निघाल्या. इतकं नाट्य समोर असताना आनुईचा राजा पोरांची चेष्टा करत बसतो, हे मला आजही समजत नाही.

प्रायश्चित्ताच्या दुसऱ्याच दिवशी स्कॉटलंडचा राजा ॲल्निकला पकडला गेला. लोक म्हणाले, संत पावला. बंड मोडलं. पण पाद्र्यांच्या खटल्यांचा मुद्दा हेन्रीने बऱ्याच अंशी आधीच सोडला होता, ११७२ मध्ये आव्राँशला. त्या सवलतीचा शेवटचा अवशेष इंग्लंडच्या कायद्यातून गेला तो १८२७ साली.