न बोलता चालणारी चर्चा

मागच्या वेळी आपण अमेरिकेचं प्रतिनिधीगृह पाहिलं, आज सेनेट. या सभागृहात सावकाश, सखोल विचार होतो अशी ख्याती आहे. मला ती पटत नाही.

आता बघा, फिलिबस्टर म्हणजे बोलत राहून विधेयक अडवणं. १९५७ साली स्ट्रॉम थरमंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. बाजू अन्यायाची, पण गृहस्थ उभे तरी होते! पुढे १९७०च्या दशकात एक विधेयक अडलेलं असताना दुसरं काम चालवायची सोय झाली. मग उभं राहायची गरजच उरली नाही. विरोध आहे असं कळवलं की पुरे. चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं तुम्ही आणा. म्हणजे कुणी बोलत नाही, तरी नियमाच्या लेखी चर्चा चालूच! अल्पमताचं रक्षण म्हणून याचं समर्थन होतं. ठीक आहे. पण सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं मारली गेली, त्यानंतर एप्रिल २०१३मध्ये बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमी-तपासणीची दुरुस्ती आली. बाजूने ५४, विरुद्ध ४६. आणि ती पडली, कारण ६० हवी होती.

मग धोरणं जातात कुठून? अर्थसंकल्पाच्या 'रिकन्सिलिएशन' नावाच्या वाटेने. तिथे साधं बहुमत चालतं, मात्र तरतुदीचा मुख्य संबंध सरकारी जमाखर्चाशी हवा. २०२१ साली १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद या कसोटीवर नियमबाह्य ठरली. ती न्याय्य आहे का, हा प्रश्न त्या कसोटीत येतच नाही. देशपातळीवरचं किमान वेतन २००९ साली ताशी ७.२५ डॉलर झालं होतं, तेवढंच राहिलं.