अक्षर कोणाचे? हॉथॉर्नची कादंबरी आणि प्युरिटन समाज

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० साली बोस्टन येथे प्रसिद्ध झाली. तेव्हापासून 'प्युरिटन' म्हटले की काळे पोशाख, कोरडे चेहरे आणि एका स्त्रीच्या छातीवरील लाल 'ए' हे चित्र वाचकांच्या मनात उभे राहते. धर्मांधतेवर ओढलेला आसूड म्हणून ही कादंबरी वाचण्याची प्रथा आहे. आमच्या मते हे वाचन अर्धेमुर्धे आहे. लिखित शब्दावर अपार श्रद्धा असलेल्या एका समाजाने एका माणसावर एक अक्षर लिहिले आणि त्या अक्षराचा अर्थ काही त्याच्या हाती राहिला नाही, हा या कादंबरीचा खरा विषय होय.

कथा थोडक्यात अशी. सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकातले बोस्टन. पती बेपत्ता असताना हेस्टर प्रिन हिला मुलगी होते. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्यास ती ठाम नकार देते. न्यायाधीश तिला भर बाजारात चौथऱ्यावर तीन तास उभे करतात आणि व्यभिचाराच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर जन्मभर वस्त्रावर वागविण्याची शिक्षा फर्मावतात. मुलीचा पिता म्हणजे गावाचा लाडका धर्मोपदेशक डिम्सडेल. तो सात वर्षे गप्प राहतो. हेस्टरचा पती चिलिंगवर्थ हे नाव धारण करून वैद्याच्या मिषाने त्याला आतून पोखरत राहतो.

येथे इतिहास थोडा निराळा आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत त्या काळी या गुन्ह्यास देहदंड होता आणि १६४४ साली मेरी लॅथम व जेम्स ब्रिटन या दोघांना तो प्रत्यक्ष भोगावा लागला. वस्त्रावर अक्षरे शिवण्याचा कायदा शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केला, तोही १६५८ साली. हॉथॉर्न यांना ही माहिती नव्हती असे नव्हे. देहदंडाचा उल्लेख कादंबरीतला एक नागरिकच करतो. तरीही लेखकाने अक्षर निवडले, कारण फासावर गेलेली स्त्री आपल्या शिक्षेचा अर्थ बदलू शकत नाही. हेस्टर ते अक्षर सोनेरी भरतकामाने नटवून छातीवर मिरविते, रोग्यांची शुश्रूषा करते, आणि काही वर्षांनी लोकच म्हणू लागतात की हा 'ए' म्हणजे 'एबल', समर्थ. हुकूम तोच, अक्षर तेच. अर्थ मात्र दप्तराबाहेर ठरला. आयुष्यभर कागदांवर शेरे मारीत आलेल्या आमच्यासारख्यांनी या जागी क्षणभर थांबावे हे बरे.

अक्षराला इतके वजन देणारा समाज होता तरी कसा? जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली १६३० साली हे लोक मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्समध्ये आले. धर्मग्रंथ ज्याचा त्याने वाचला पाहिजे, ही त्यांची मूळ धारणा. त्यामुळे जंगल पुरते तोडून व्हायच्या आत, १६३६ साली, त्यांनी हार्वर्ड कॉलेजचा ठराव केला. पाठोपाठ छापखाना आणला. आणि १६४७ साली कायदा केला की पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. मंडळीचे पूर्ण सभासदत्व हवे असेल, तर ईश्वरी कृपेचा अनुभव सर्वांपुढे शब्दांत मांडावा लागे. अंतःकरणाचीही अशी रुजवात होत असे. ॲन हचिन्सन या बाईंनी १६३७ सालच्या खटल्यात ईश्वर आपल्याशी थेट बोलतो असे सांगितले, तेव्हा त्यांना हद्दपार करण्यात आले. ग्रंथाला आणि उपदेशकाला वळसा घालून जाणारी वाट त्या समाजाला मानवणारी नव्हती. कादंबरीच्या आरंभी तुरुंगाच्या दाराशी फुललेले गुलाबाचे झुडूप या ॲनच्याच पावलांखाली उगवले असावे, असे हॉथॉर्न सुचवितात.

या अक्षरनिष्ठेचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळींच्या पुढाकाराने अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या पाच मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली ती ६ फेब्रुवारी १८१२ रोजी, सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये. याच गावचा हॉथॉर्न त्या वेळी सात वर्षांचा होता. त्या पाचांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस पोहोचले. पुढे या मिशनने मुंबईत मराठी छापखाना चालविला आणि १८४२ साली अहमदनगरास 'ज्ञानोदय' काढले. ग्रंथ ज्याच्या त्याच्या भाषेत ज्याच्या त्याच्या हाती द्यावा, हा आग्रह मात्र जुनाच. जॉन एलियट यांनी मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बायबल उतरवून १६६३ साली छापले, ते याच आग्रहातून.

हे एलियट कादंबरीत नावापुरते येतात. डिम्सडेल त्यांना भेटून परतत असताना अरण्यात हेस्टर त्याला गाठते. ज्यांच्यासाठी ते बायबल होते, ते मूळ रहिवासी मात्र गर्दीच्या कडेला उभे दिसतात, तेवढेच. पीक्वॉट लोकांवरील १६३७ सालचे भीषण युद्ध कथेच्या पाचच वर्षे आधीचे. त्याचा पानांवर ओझरता उल्लेख येतो, तेवढाच. हा उणेपणा आम्ही मोठा मानतो. दुसरा उणेपणा असा की, या बोस्टनमध्ये ॲन ब्रॅडस्ट्रीट यांना जागा नाही. पतीवर उघड प्रेमाच्या कविता लिहिणाऱ्या या प्युरिटन गृहिणीचा संग्रह १६५० साली लंडनला छापला गेला, हॉथॉर्न यांच्या कादंबरीच्या नेमका दोनशे वर्षे आधी. आणि त्यांचे वडील टॉमस डडली हे हचिन्सनबाईंच्या न्यायासनावर बसलेले. एकाच घरात इतके अंतर नांदत होते.

हॉथॉर्न यांच्या बाजूने एक मात्र सांगितले पाहिजे. उत्सवाच्या प्रकरणात ते बजावतात की पहिली पिढी एलिझाबेथच्या काळातल्या इंग्लंडात वाढलेली, तिला रंगाचे, खेळाचे वावडे नव्हते. गडद काळी छटा चढली ती पुढच्या पिढीवर. परमुलखात स्थायिक झालेल्या घराण्यांस हे नवे नाही. घर सोडून आलेल्यांपेक्षा त्यांच्या मुलांचेच सोवळे अधिक कडक असते.

त्या पुढच्या पिढीचा कळस म्हणजे १६९२ सालचे सेलमचे चेटूक-खटले. एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडण्यात आले. कबुली देऊन तीवर कायम राहिलेले वाचले. खोटे बोलण्यास नकार देणारे गेले. आरोपींची उलटतपासणी घेणाऱ्यांत जॉन हॅथॉर्न होते, म्हणजे लेखकाचे खापरपणजोबा. पाच वर्षांनी सॅम्युएल सीवॉल या न्यायाधीशांनी बोस्टनच्या चर्चमध्ये आपला दोष कबूल करणारा कागद वाचावयास दिला आणि सर्वांदेखत उभे राहिले. हॅथॉर्न यांनी असे काही केल्याची नोंद नाही. डिम्सडेल सात वर्षांनी चौथरा चढतो तेव्हा आम्हांस त्यात सीवॉल दिसतात, आणि न चढलेले खापरपणजोबाही. पूर्वजांची लाज आपण स्वतःवर घेत आहोत, असे लेखकाने प्रस्तावनेत लिहिलेच आहे.

या प्रस्तावनेबद्दल थोडे. हॉथॉर्न १८४६ पासून सेलमच्या जकात कार्यालयात सर्व्हेयर होते; राष्ट्राध्यक्ष बदलले आणि १८४९ साली त्यांची नोकरी गेली. खुर्च्या भिंतीला टेकवून पेंगणारे वृद्ध कर्मचारी त्यांनी असे रंगविले आहेत की सेलमकर संतापले; आम्ही मात्र मनसोक्त हसलो. त्याच कार्यालयाच्या माळ्यावर जुन्या कागदांत ते लाल अक्षर सापडल्याची बतावणी ते करतात. ज्या समाजाने सारे लिहून ठेवले, त्याची झडती त्याच्याच दप्तरातून घ्यायची, ही युक्ती आम्हांस सबंध कादंबरीत सर्वांत समर्पक वाटते.

शेवटी हेस्टर परदेशातून बोस्टनला परत येते आणि कोणी सांगितलेले नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. ही शरणागती आहे, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो पटत नाही. आग्रह धरणारे कोणी उरलेले नाही. दुःखी स्त्रिया तिच्या झोपडीत सल्ल्यासाठी येतात आणि ती त्यांचे ऐकून घेते.