नाटकाचा वर्ग आणि वर्गातील नाटक

शाळेत इंग्रजी नाटक शिकविले जाते तेव्हा विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. तो वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपाशी निगडित आहे. कादंबरी एकान्तातील वाचकाच्या मनात पूर्ण होते. नाटक मात्र श्रोत्यांवाचून अपुरे राहते. तरीही शालेय परंपरेने नाटकाकडे पाहिले, ते बहुधा कथानक म्हणून किंवा कठीण शब्दांचा संग्रह म्हणून.

चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी १८०७ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या कथा प्रसिद्ध केल्या, त्या मुलांना मूळ कृतींकडे नेण्यासाठी. परंतु अनेक वर्गांत वाटच मुक्काम होऊन बसली. याच चार्ल्सने १८११ मध्ये असे प्रतिपादन केले की, शेक्सपिअरच्या शोकात्मिका प्रयोगापेक्षा वाचनातच खऱ्या उतरतात. नटाच्या हावभावांत काव्याची सूक्ष्मता हरपते, ही त्याची भीती निराधार नव्हे. मात्र हे मत रंगभूमीवर मनापासून प्रेम करणाऱ्या प्रौढ रसिकाचे आहे. ज्याने नाटक ऐकलेच नाही, त्या मुलाच्या मनात रंगमंच आपोआप उभा राहत नाही.

उलट दिशेचा प्रयत्न केंब्रिजच्या पर्स स्कूलमध्ये हेन्री कॉल्डवेल कुक या शिक्षकाने केला. 'द प्ले वे' (१९१७) या ग्रंथात त्याने नाटक करणे हाच नाटकाचा अभ्यास मानला. या विचाराचे बळ 'ज्यूलिअस सीझर'च्या तिसऱ्या अंकात पडताळून पाहता येते. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. ब्रूटसला लावलेले 'सन्माननीय' हे एकच विशेषण अँटनी पुनःपुन्हा उच्चारतो आणि प्रत्येक उच्चारागणिक त्याचा अर्थ ढळत जातो. टीप या शब्दाचा एकच अर्थ देते. उपरोध कळतो तो आवाजातून आणि जमावाच्या प्रतिसादातून. चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग हा तयार जमावच असतो.

अर्थात केवळ पोशाख व पाठांतर यांनी स्नेहसंमेलन साजरे होते, अध्ययन नव्हे. पंक्तीचा अर्थ उकलल्याशिवाय तिचा उच्चार ठरविता येत नाही; म्हणून खरा प्रयोग शब्दार्थाला फाटा देत नाही, त्याची निकड निर्माण करतो. परक्या भाषेत शिकणाऱ्या भारतीय मुलाला तर ही निकड अधिकच उपकारक ठरते. मराठीला हे अपरिचित नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे रूपांतर केले. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगांतून गणपतराव जोशी यांनी साकारलेला हॅम्लेट इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला.

अँटनीच्या भाषणानंतरच्या प्रवेशात तोच चेतलेला जमाव सिना नावाच्या कवीला, केवळ नामसाधर्म्यामुळे, ठार मारतो. परीक्षेच्या दृष्टीने हा प्रवेश किरकोळ आहे. परंतु क्षणापूर्वी अँटनीसाठी आरडाओरडा केलेल्या वर्गाला तो वाचावा लागला, तर वक्तृत्वाने भारलेला समूह काय करू शकतो, आणि त्या समूहात आपणही होतो, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.