तिबेटी साहित्य : भूमी, भाषा आणि निर्वासन

साहित्याची ओळख त्याच्या भाषेवरून ठरते, हे गृहीतक मराठी समीक्षेच्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा भासत नाही. तिबेटी साहित्यापाशी मात्र ते अडखळते. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले. मार्च १९५९ मधील ल्हासाचा उठाव चिरडला गेला आणि दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. या घटनांनी समाज दुभंगलाच, पण त्याचा लेखनव्यवहारही तिबेटी, चिनी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत विखुरला.

चिनी अमलाखालील प्रदेशात राहूनच धोंडुप ग्याल (१९५३–१९८५) यांनी तिबेटी कवितेत मुक्तछंद रुजवला. १९८३ मधील त्यांच्या प्रसिद्ध कवितेत धबधब्याच्या प्रतिमेतून तरुण पिढीला आवाहन आहे. परंपरेची चिकित्सा आणि तिच्याविषयीचा अभिमान त्या एकाच प्रतिमेत सामावतात. म्हणून तिला निव्वळ निषेधाचे रूपक मानणे अपुरे ठरते. ल्हासात १९६६ मध्ये जन्मलेल्या वोएसर यांचे शिक्षण चिनी माध्यमातून झाले आणि त्या चिनीतच लिहितात. त्यांच्या गद्यलेखांच्या पुस्तकावर २००३ मध्ये बंदी आली. राज्यकर्त्यांची भाषा केवळ राज्यकर्त्यांचीच राहत नाही, याची ही बंदी म्हणजे एक प्रकारे कबुलीच होय.

निर्वासनातही तिबेटीत लेखन होत आले आहे. परंतु जगापुढे आले ते प्रामुख्याने इंग्रजीतील. या इंग्रजी लेखनाला ‘निर्वासितांचे साहित्य’ असे सरसकट नाव दिल्याने त्यातील एक मूलभूत भेद झाकला जातो. पाल्देन ग्यात्सो या भिक्षूने तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत तेहेतीस वर्षे काढली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन त्सेरिंग शाक्य यांनी इंग्रजीत शब्दबद्ध केले. त्यातील ‘मी’ हा साक्षीदार आहे. त्याने गमावलेले पाहिलेले आहे. तेन्झिन त्सुन्दुए यांचा जन्म मात्र भारतातला. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९९९ मध्ये, मुंबई विद्यापीठात शिकत असताना, प्रसिद्ध झाला. त्यांच्या कवितेतील ‘मी’ला तिबेट ऐकून ठाऊक आहे, रोजच्या जगण्यात त्याची गाठ पडते ती परदेशी म्हणून असलेल्या आपल्या नोंदणीपत्राशी. त्यामुळे येथे शोकापेक्षा उपरोध अधिक बोलका होतो. या कवितेकडे केवळ दुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहणारा सहानुभूत वाचक नेमका हा उपरोधच गमावतो.

भाषेचा निकष अपुरा पडला, तर अनुभवाचा निकष पुढे येतो. दलित साहित्याच्या चर्चेमुळे ‘अनुभवाची अस्सलता’ ही संकल्पना मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. पण न पाहिलेल्या भूमीचा वियोग हा अनुभव अस्सल मानावयाचा की नाही? तो नाकारला तर निर्वासनात जन्मलेली पिढी तिबेटी साहित्याबाहेर पडते आणि व्याप्तीने जे साधले, तेच समीक्षेकडून नकळत घडते. तो स्वीकारला तर वारशाने आलेली स्मृती हाही अनुभवच, हे मान्य करावे लागते.

ग्याल यांना भूमी आणि भाषा होती, उघड बोलण्याची मुभा नव्हती. वोएसर यांना भूमी लाभली, पण लेखनाची भाषा परकी मिळाली. त्सुन्दुए यांना बोलता येते, पण भूमी नाही. तिबेटी साहित्याचे ऐक्य शोधावयाचे तर ते एका भाषेत नव्हे, या परस्परपूरक उणिवांत शोधावे लागेल.