अण्णा नाईक आणि गुंड्याभाऊ

दुय्यम पात्र गाजले की त्याच्यावर स्वतंत्र मालिका काढावी, हा वाहिन्यांचा हिशेब अर्धाच खरा आहे. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१६ मधील पहिल्या पर्वात अण्णा नाईक आरंभीच मरतात, पण वाड्यातला संशय, अनौरस मुलीचा प्रश्न, भावंडांतली तेढ हे सारे त्यांनीच पेरलेले. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेऊन त्यांनाच मध्यभागी आणले. शेवट ठाऊक होता, मालवणी आम्हा जालनेकरांना परकी. तरी माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांच्यावरून नजर हलत नव्हती. हा माणूस या थराला गेला कसा, हे पहिल्या पर्वाने सांगायचे ठेवले होते. २०२१ मध्ये अण्णा-शेवंता भुते होऊन परतली. लोकप्रियता शाबूत होती, सांगायचे मात्र फारसे उरले नव्हते.

गुंड्याभाऊचे तसे नाही. चिं. वि. जोशींच्या कथा चिमणराव स्वतः सांगतात. त्या भित्र्या नजरेतून दिसतो म्हणूनच गुंड्याभाऊचा दांडगेपणा हसवतो. दूरदर्शनवर बाळ कर्वे यांनी तो अजरामर केला, पण शेजारी दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव होते. त्यांना वगळले तर सोटा घेतलेला एक तापट गृहस्थ तेवढा उरतो, आणि तसे तर प्रत्येक गल्लीत असतात.